पाय न टेकता

फारूकभाई घरून दुकानाला निघाले की दुकान येईपर्यंत पाय जमिनीला लावत नाहीत. वाटेत म्हैस आडवी आली, ट्रॅक्टर अडकला, शाळा सुटली, तरी हे आपले सायकलवरच जागच्या जागी लहान लहान चकरा मारत राहतात. वाट मोकळी झाली की पुढे. छप्पन्न वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा माणूस भर रस्त्यात म्हशीसमोर गिरक्या घेतो, हे परगावच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. लोहा गावाला सवय आहे. 'फारूकभाईचा पाय लई महाग हाय,' असं लोक म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

का महाग आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला, शहजादीलाही नव्हतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तिने कधी खोदून विचारलं नाही. कुणाचा नवरा तंबाखू खातो, कुणाचा पत्ते कुटत बसतो. आपला चकरा मारतो, एवढ्यावर तिने समाधान मानलं होतं.

बसस्थानकामागे त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, ट्यूब बुडवायचं घमेलं, हवेचा पंप, आणि दाराशी उभी असलेली त्यांची स्वतःची काळी बावीस इंची सायकल. आता गिऱ्हाईक मोटारसायकलींचं. पण दुपारी काम नसलं की फारूकभाई ती काळी सायकल उलटी ठेवतात, मागचं चाक हाताने फिरवतात आणि टिकटिक ऐकत बसतात. चाक थांबलं की पुन्हा फिरवतात. अशा वेळी त्यांना हाक मारली तर ओ यायला जरा उशीर लागतो.

ती टिकटिक नव्वद सालच्या उन्हाळ्यातली आहे.

तेव्हा फारूक एकवीस वर्षांचा होता, दाढी काळी होती आणि गावोगाव अखंड सायकल चालवणारे यायचे. आजच्या पोरांना हे सांगितलं तर थापा वाटतात. मैदानात एक रिंगण आखायचं, मधोमध बांबूवर कर्णा बांधायचा, आणि सायकलवाल्याने त्या रिंगणात तीन दिवस, पाच दिवस, सात दिवस फिरत राहायचं. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर, आणि झोपही सायकलवरच. मग त्या एका गोष्टीचं काय, असं सगळेच विचारतात. त्यासाठी चादरीचा आडोसा धरून दोघे जण सायकलीबरोबर पळायचे. पुढचं शहाण्याने विचारू नये.

फारूक हे देगलूरच्या अकरम उस्तादांकडून शिकला. उस्ताद छातीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायचे, चालत्या सायकलवरून वाकून दाताने रुमाल उचलायचे. लोक शिट्ट्या मारायचे. फारूकला त्यातलं काहीच आवडलं नाही. त्याला आवडलं ते फिरणं. लोक घरी गेल्यावर उस्ताद डोळे अर्धे मिटून संथ फिरत असायचे, तेवढंच तो बघत बसायचा. 'नुसता फिरलास तर बघंल कोण?' उस्तादांनी विचारलं. फारूकला त्याची फिकीर नव्हती.

लोह्याच्या बाजार मैदानात त्याने सात दिवसांचं रिंगण जाहीर केलं. रिंगण आखायला पांढरी फक्की लागते, आणि गावात फक्की होती फक्त हायस्कुलात, तीही गुरुलिंग सरांच्या ताब्यात. सर तेव्हा नवे पीटी मास्तर. गळ्यात पितळी शिट्टी, मांडीपर्यंत पांढरी चड्डी, आणि हसू असं क्वचितच. 'माझी फक्की खेळासाठी हाय. ह्यो खेळ न्हाई,' असं त्यांनी फारूकला तोंडावर सांगितलं. पण हेडमास्तरांनी हुकूम केला, तेव्हा सरांनी मैदानात खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि असं गोल रिंगण आखून दिलं की बघणाऱ्याने बघत राहावं. रोज संध्याकाळी येऊन ते पुसट झालेली रेघ पुन्हा भरून जायचे. नावडतं काम असलं तरी ते वाकडं करायचं नाही, असा माणूस.

पहिल्या दिवशी माणूस सायकल चालवतो. दुसऱ्या दिवशी पाय सायकल चालवतात, माणूस नुसता वर बसलेला असतो. तिसऱ्या दिवशी निराळंच काहीतरी होतं. फारूकला वाटायला लागलं की आपण एका जागी थांबलोय आणि गाव आपल्याभोवती फिरतंय. बसस्थानक यायचं आणि जायचं. कडुनिंब यायचा आणि जायचा. भजीवाली नीलाबाई कढईसकट यायची, जाताना वास तेवढा मागे ठेवायची. ओळखीची माणसं यायची, काहीतरी बोलायची, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत निघून जायची. पुढच्या फेरीला तीच माणसं पुढचा शब्द बोलायची. फारूकला गाव इतकं आवडलं नव्हतं कधी. काही मागत नव्हतं, काही विचारत नव्हतं, नुसतं संथपणे पुढून सरकत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मैदान ओस पडलं. चैत्रातलं ऊन. नीलाबाई कढई झाकून झाडाखाली आडवी झाली होती. कर्णावाला मान टाकून पेंगत होता आणि कर्णा एकटाच गात होता. चपला फारूकने पहिल्याच दिवशी टाकून दिल्या होत्या. कोपरं हँडलवर टेकून तो फिरत होता, आणि फिरता फिरता त्याला दिसलं की रिंगणात पाणी भरलंय.

नांदेडच्या घाटाला असतं तसं पाणी, गोदावरीचं, हिरवट आणि शांत. सायकल त्यावरून चालली होती. चाक जिथे टेकत होतं तिथून लहानशी लाट निघायची आणि फक्कीच्या रेघेपर्यंत जाऊन विरायची. खाली तळाला सगळं गाव होतं, कडुनिंब, बसस्थानक, झाकलेली कढई. त्याची अम्मी नांदेडची. लहानपणी माहेरी गेली की ती त्याला घाटावर न्यायची, शेवटच्या कोरड्या पायरीवर उभं करायची आणि म्हणायची, आधी पाय टाकून बघ, पाणी किती हाय. आताही ती म्हणाली. अगदी जवळून म्हणाली. फारूकने पाय टाकून बघितला.

पाणी नव्हतं. टाचेखाली तापलेली माती होती, पिठासारखी मऊ.

डोळे उघडले तेव्हा पाय पुन्हा पायडलवर होता आणि टाचेला पांढरी फक्की लागली होती. क्षणभर टेकला की दोन क्षण, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने चहूकडे बघितलं. नीलाबाई झोपलेली होती. कर्णावाला झोपलेला होता. लिंबाखालचं कुत्रंसुद्धा झोपलेलं होतं. कोणी म्हणजे कोणीच बघितलं नव्हतं. त्याने टाच दुसऱ्या पायाच्या पोटरीला पुसली आणि फिरत राहिला. पाणी पुन्हा आलं नाही.

सातव्या दिवशी गावाने त्याला हारांनी झाकून टाकलं, घोड्यावर बसवलं, वाजतगाजत घरी नेलं. सात दिवस पाय टेकला नाही पोराने, असं जो तो म्हणत होता. फारूकची मान खाली होती. लोकांना तो त्याचा विनय वाटला. अब्बा दारातच उभे होते. त्यांनी हारांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, 'आता सर्कशीत जातो का?' एवढंच. पुढे मरेपर्यंत त्यांनी त्याला सर्कसवाला म्हणूनच हाक मारली.

फारूकने पुन्हा कधी रिंगण केलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सायकलवर बसला की मुक्कामाला पोचेपर्यंत पाय टेकेना. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. खेळ मधेच राहून गेलाय, तो आपल्यापुरता तरी पुरा करावा, असं काहीसं त्याच्या मनात होतं. मग त्याची सवय झाली, सवयीची गावात गंमत झाली, आणि अशी पस्तीस वर्षं गेली.

यंदा गावाबाहेर क्रीडासंकुल झालं. नवी कोरी इमारत, पुढे मैदान, आणि आत एक लांबच लांब मोकळी भिंत. त्या भिंतीवर तालुक्यातल्या जुन्या खेळाडूंची नावं रंगवायची ठरली. नावं निवडायला चारपाच जणांची समिती नेमली आणि प्रमुख केले गुरुलिंग सरांना. सर निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण शिट्टी अजून गळ्यात होती. अंघोळीलाही काढत नाहीत, असं त्यांच्याच घरचे सांगतात.

फारूकभाईंची मुलगी बुशरा नांदेडला बँकेत आहे. सुट्टीला आली, तिने अर्ज आणला आणि बापाला न विचारता भरूनही टाकला. खेळाचा प्रकार, अखंड सायकल. निकाल, सात दिवस पूर्ण. प्रतिस्पर्धी या रकान्यापाशी मात्र ती अडली. तो तिने कोराच ठेवला आणि अर्ज देऊन आल्यावर घरी सांगितलं.

'बरं केलंस,' शहजादी म्हणाली. 'नाव लागलं तर आता भिंतीसमोरबी चकरा मारतील.'

फारूकभाई हसले, पण त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांना ते नाव हवं होतं. लपवण्यात काय अर्थ आहे, फार हवं होतं. भिंतीवर आपण असावं म्हणून नव्हे. आयुष्यातली जी एकच गोष्ट आपण जीव ओतून केली, तो खेळ होता की सर्कस होती, हे एकदा कोणीतरी अधिकाराने सांगावं, एवढ्यासाठी. सांगणारे अब्बा तर आता नव्हते. आणि 'पूर्ण' हा बुशराच्या सुवाच्य अक्षरातला शब्द घासातल्या खड्यासारखा त्यांना लागत होता.

रविवारी सकाळी संकुलाच्या हॉलमध्ये समिती बसली. बुशरा कॅरियरवर बसून बापाबरोबर गेली. टेबलामागे मधोमध गुरुलिंग सर, त्यांच्या उजव्या हाताला अर्जुनराव. अर्जुनराव म्हणजे माळेगावच्या जत्रेतली कुस्ती सलग चार वर्षं मारलेले पैलवान. कान अजून मोडलेले होते आणि नाव केव्हाच यादीत गेलं होतं.

'नाव?' सरांनी विचारलं. पस्तीस वर्षांची ओळख, तरी विचारलं. फारूकभाईंनी सांगितलं.

'प्रतिस्पर्धी रिकामं हाय. कोणाशी खेळलास तू?'

फारूकभाईंनी जरा विचार केला. 'झोपेशी, सर.'

अर्जुनराव मोठ्याने हसले. माणूस मनाने वाईट नव्हता, पण हसणं पैलवानी होतं. 'सर, ही सर्कस हाय. कुस्तीत एक खाली जातो, एक वर ऱ्हातो. ह्ये जिथून निघाले तिथंच परत आले. ह्येच्यात खेळ कुठं हाय?'

'चारशे मीटर पळणाराबी निघाला तिथंच येतो, काका,' बुशरा म्हणाली.

 सरांच्या मिशीत हसू आल्यासारखं वाटलं, पण ते लगेच गेलं.

'घाम निघाला म्हणून खेळ होत न्हाई,' सर म्हणाले. 'मोंढ्यात हमाल दिवसभर पोती उचलतो, त्याला आपण खेळाडू म्हणत न्हाई. टाळ्या पडल्या म्हणूनबी होत न्हाई. मी पोरांना एकच सांगत आलो. जिथं नियम मोडता येतो, आणि मोडला की शिट्टी वाजती, तो खेळ. सर्कशीत चूक झाली की बँड मोठ्यानं वाजवतेत, म्हणजे कोणाला कळू नये. खेळात चूक झाली की समदं थांबतं.' ते फारूकभाईंकडे वळले. 'तुझ्यात नियम कोणता हाय?'

'पाय टेकायचा न्हाई.'

'आणखी?'

'एवढाच.'

सरांनी अर्जातल्या कोऱ्या रकान्यावर रेघ मारली. 'एकच हाय, पर नियम हाय,' ते म्हणाले. 'आणि सात दिवस पाय टेकला न्हाई. त्या वक्ताला मी खेळ न्हाई म्हणलो होतो, ते माझं चुकलं आसंल. घ्या नाव.' त्यांनी वही पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढलं.

वर पंखा फिरत होता. फारूकभाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि पंखा थांबला आणि हॉल फिरायला लागला. सर आले आणि गेले. अर्जुनरावांचे मोडके कान आले आणि गेले. खुर्चीच्या कडेला बसलेली बुशरा आली, तिच्या डोळ्यांत आधीच आनंद उतरला होता, आणि तीही गेली. मग ती कोरी भिंत आली. तिच्यावर निळ्या रंगात त्यांचं नाव होतं, आणि त्याच्या खाली पिठासारखी मऊ तापलेली माती होती. गप्प राहिलं की झालं. पस्तीस वर्षं राहिलोच की गप्प. सरांचं पेन कागदाला लागत होतं.

'सर,' फारूकभाई म्हणाले, 'टेकला होता.'

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौथा दिवस सांगितला, दुपार सांगितली. पाण्याचंही सांगितलं, अम्मीचंही सांगितलं. हे सांगताना आपण वेडे दिसतोय, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी काही गाळलं नाही.

अर्जुनराव आता हसले नाहीत. ते खुर्चीतून वाकले आणि अगदी मायेने म्हणाले, 'आवो फारूकभाई, झोपेतला पाय कोण धरतंय? समदं गाव सात दिवस म्हणून राहिलंय. लिवा सर तुमी. तसंबी ह्येच्यात कोण मोजून राहिलंय?'

मघाचं हसणं फारूकभाईंना लागलं नव्हतं, ही माया लागली. कोणी मोजत नसेल, तर मग अब्बाच खरे होते.

सरांनी पेन खाली ठेवलं. 'कोणत्या अंगाला टेकला?'

'लिंबाकडल्या.'

'टाच का चवडा?'

'टाच, सर.'

 सर सावकाश म्हणाले, 'त्या दिवशी सांजच्याला लिंबाकडं रेघ मोडलेली होती. टाचेएवढी. मी भरली. माझ्या मनात आलं होतं. पर डोळ्यानं बघितल्याबिगर मी शिट्टी वाजवत न्हाई.'

त्यांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली, सदऱ्याला पुसली, ओठांत धरली आणि वाजवली. दम लागेपर्यंत लांब वाजवली. बंद हॉलमध्ये ती केवढी तरी मोठी झाली. बाहेर मैदानात मुली खो-खो खेळत होत्या, त्या जिथल्या तिथे थांबल्या आणि आपलं काय चुकलं म्हणून एकमेकींकडे बघायला लागल्या.

'फाऊल,' सर म्हणाले, आणि वहीत लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. 'फारूक, अखंड सायकल. चौथा दिवस, दुपार. लिंबाच्या अंगाला टाच टेकली. बाद.' टोपण लावून त्यांनी वर बघितलं. 'नाव भिंतीवर जाणार न्हाई.'

'हाव, सर,' फारूकभाई म्हणाले. ते उठून टेबलापाशी गेले. 'ही कोणती वही हाय, सर?'

'खेळाची. माझ्याकडं दुसरी वही न्हाई.'

फारूकभाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. त्यांनी ती पुसली नाही.

परत येताना बुशरा मागे कॅरियरवर बसली होती आणि धुमसत होती. 'कशाला सांगितलं, अब्बा? सर लिहीत होते. कोणी विचारलं होतं तुम्हाला?'  फारूकभाईंना मनापासून आनंद झाला होता, इतका की तो पोरीला कसा समजावून सांगावा हे कळेना. उन्हं चढली होती. संथपणे पायडल मारत ते चालले होते, आणि कडेची शेतं, खांब, शेळ्या एकेक येऊन पुढून सरकत होत्या.

बाजार मैदानाच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा अडकला होता. पुढे ट्रॉली, मागे जीप, वाट बंद. बुशराला लहानपणापासून ठाऊक होतं, आता चकरा सुरू होणार. तिने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

सायकल थांबली. जराशी एका अंगाला कलली आणि थांबूनच राहिली. बुशराने वाकून खाली बघितलं. अब्बांची चप्पल सुटून बाजूला पडली होती आणि त्यांची टाच रस्त्याकडेच्या तापलेल्या धुळीत टेकलेली होती.

'अब्बा,' ती हळूच म्हणाली, 'पाय टेकला तुम्ही.'

'हाव,' फारूकभाई म्हणाले. 'शिट्टी झाली ना आता.'